अनुशेष कोणाचा?

शासनाचा अहवाल हेही एक लिखाणच असते. त्यालाही लेखक असतो, भाषा असते, समोर धरलेला एक वाचक असतो. कथेची किंवा कवितेची समीक्षा करताना आपण विचारतो की, या लिखाणात कोणता माणूस आला आणि कोणता वगळला गेला. हाच प्रश्न अहवालाला विचारायला काय हरकत आहे? दलित साहित्याच्या समीक्षेवर आपण पुष्कळ शाई खर्च केली. मात्र ज्या कागदांवर आपल्या पाण्याचा, विजेचा आणि मजुरीचा निवाडा होतो, ते कागद अर्थशास्त्राच्या पंडितांवर सोपवून आपण मोकळे झालो. ही चूक आहे आणि तिची किंमत वाडा मोजतो आहे.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. प्रादेशिक विकासाचे प्रकरण शिकवीत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, जिल्हा पुढं गेला तं आमचा वाडा आपोआप पुढं जाते काय?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नव्हते. जे अहवाल मी घरी नेऊन पुन्हा वाचले त्यांतही नव्हते. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे.

१

पुस्तकातला सिद्धांत थोडक्यात असा. रॉबर्ट सोलो यांनी १९५६ मध्ये वाढीचे जे प्रतिमान मांडले त्यात घटत्या फलाचा नियम मध्यवर्ती आहे. जेथे भांडवल आधीच भरपूर आहे तेथे आणखी भांडवलाचे फळ कमी मिळते, जेथे ते तुटपुंजे आहे तेथे जास्त मिळते. म्हणून भांडवल मागासलेल्या प्रदेशाकडे वाहावे, मजूर पुढारलेल्या प्रदेशाकडे जावा आणि काळाच्या ओघात दोघांचे दरडोई उत्पन्न जवळ यावे. यालाच अर्थशास्त्रात अभिसरण म्हणतात. याच्या उलट, गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्ये असे दाखवले की, बाजाराला मोकळे सोडले तर पुढारलेला प्रदेश मागासलेल्या प्रदेशातले भांडवल, कसबी माणसे आणि उद्योग स्वतःकडे ओढून घेतो. गरिबी गरिबीला जन्म देते आणि श्रीमंती श्रीमंतीला.

भारताचा अनुभव कोणाच्या बाजूने आहे? खुद्द केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने यावर एक प्रकरण लिहिले. जगातले गरीब देश श्रीमंत देशांच्या जवळ सरकत आहेत, चीनचे मागास प्रांतही पुढच्या प्रांतांच्या जवळ येत आहेत, भारतातील राज्ये मात्र उत्पन्नाच्या बाबतीत एकमेकांपासून दूर जात आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. पाहणीने याला कोडे म्हटले. ज्याने गाव पाहिले आहे त्याला हे कोडे फारसे अवघड वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावी. एका प्रदेशाचे दरडोई उत्पन्न १०० आहे आणि ते वर्षाला ५ टक्क्यांनी वाढते. दुसऱ्याचे ४० आहे आणि ते ७ टक्क्यांनी वाढते. मागचा अधिक वेगाने धावतो, म्हणजे सिद्धांताच्या भाषेत अभिसरण चालू आहे. दहा वर्षांनी पहिला सुमारे १६३ वर जातो आणि दुसरा सुमारे ७९ वर. सुरुवातीला अंतर ६० होते, आता ८४ झाले. टक्केवारी सांगते की दरी मिटते आहे, खिसा सांगतो की ती वाढते आहे. दोन्ही खरे आहे. कोणते सत्य छापायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र खिसा फाटका असणाऱ्याच्या हाती नसतो.

२

महाराष्ट्रात या प्रश्नाला अनुशेष हे नाव मिळाले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला खर्चात, नोकऱ्यांत आणि शिक्षणाच्या सोयींत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन दिले. १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याची तरतूद झाली. वचनाचे काय झाले हे पाहण्यासाठी १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा अशा नऊ बाबी घेतल्या. प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी, मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे १,१८९ कोटी होता. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. दरम्यान २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समतोल प्रादेशिक विकासासाठी उच्चस्तरीय समिती नेमली गेली, तिने २०१३ मध्ये अहवाल दिला.

दांडेकर समितीच्या कामाचे मोल मी नाकारीत नाही. विषमता ही भावना नसून मोजता येणारी गोष्ट आहे, हे तिने सरकारी कागदावर सिद्ध केले. आज अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशिम या जिल्ह्यांच्या सिंचनाच्या अनुशेषावर विधिमंडळात भांडता येते ते या पद्धतीमुळेच.

परंतु येथे एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटता कामा नये. नागपूर कराराचे तत्त्व काय आहे? लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. हेच तर आरक्षणाचे तत्त्व आहे! प्रदेशाने लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मागितला की तो न्याय ठरतो, त्यावर करार होतात, घटनादुरुस्ती होते. जातीने तेच मागितले की ती मेहेरबानी ठरते आणि गुणवत्तेची आठवण निघते. विदर्भाच्या सभांतून पहिल्या मागणीवर टाळ्या वाजवणारे पांढरपेशे हात दुसऱ्या मागणीच्या वेळी खिशात जातात. या विसंगतीला आमच्या विचारवंतांनी जितके ठणकावून विचारायला हवे होते तितके विचारले नाही.

३

आता त्या नऊ बाबींकडे वाड्यात उभे राहून पाहू. सिंचन कोणाला मिळते? ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. भूविकास आणि मृदसंधारण कोणाचे होते? जमिनीच्या मालकाचे. जनावरांचा दवाखाना कोणासाठी? ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याच्यासाठी. नऊपैकी तीन बाबी अशा आहेत की भूमिहीनाच्या घरात त्यांचा शिरकाव मजुरीच्या मागील दारानेच होऊ शकतो. शाळा, दवाखाना, पाणी आणि रस्ता या बाबी सर्वांच्या म्हणाव्यात, तर गावात नळ आला आणि वाड्यात आला नाही, तरी सरासरीला त्याचा पत्ता लागत नाही. जनावरांच्या दवाखान्यांचा अनुशेष रुपयांत मोजला गेला. ज्यांना गावाने जनावरापेक्षा खाली ठेवले त्यांचा अनुशेष कोणत्याच रकान्यात नाही.

विजेचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९७ पर्यंत देशात "विद्युतीकरण झालेले गाव" म्हणजे ज्या गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जाते ते गाव. म्हणजे एखाद्या मळ्यातल्या मोटारपंपापर्यंत तार गेली की सबंध गाव उजेडात आले असे कागद म्हणत असे. वाडा रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करीत असे, ती गोष्ट वेगळी. २००४ मध्ये ही व्याख्या बदलली. गावठाणाबरोबर दलित वस्तीतही विजेची यंत्रणा पोहोचली पाहिजे, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज असली पाहिजे आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी असली पाहिजे, असे ठरले. एका वाक्याने वाडा मोजमापात आला. मोजमापात येताच कालपर्यंत उजेडात असलेली गावे कागदावर अंधारात गेली आणि तेथे तार नेणे हे सरकारचे काम ठरले. दांडेकर समितीचा अहवाल यापूर्वी वीस वर्षांचा आहे.

व्याख्या ही काही निर्जीव गोष्ट नव्हे. रेघ कोठे ओढायची हे जो ठरवतो तोच गरिबी कोणाला दिसावी हेही ठरवतो.

वाशिमचेच पाहा. इंग्रजी अमदानीत बासिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन पुन्हा झाला. म्हणजे १९८४ च्या अहवालात वाशिम नावाचा जिल्हाच नाही. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरची कोरडवाहू शेते अकोल्याच्या बाजारपेठेत, गिरण्यांत आणि कचेऱ्यांत मिसळून एक सरासरी निघत होती. रेघ ओढली गेली तेव्हा वाशिम स्वतंत्रपणे दिसू लागला, आणि दिसला तो नंदुरबार-गडचिरोलीच्या पंगतीत. २०१८ मध्ये केंद्राने देशभरातले आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि वाशिम हे चार घेतले. जो वाशिम अकोल्याच्या सरासरीत झाकला गेला होता, त्याच वाशिमच्या सरासरीत आज वाडा झाकला गेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० आणि तीत अनुसूचित जाती सुमारे १९ टक्के, राज्यात हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आत आहे. पाचांत एक माणूस. आकांक्षित जिल्ह्यांचा क्रम लागतो तो सबंध जिल्ह्याचा. त्या पाचव्या माणसाचा क्रम कोण लावतो?

४

सरासरी वर जाताना वाडा खाली कसा जातो, हे वाशिमच्या पिकांनी दाखवले आहे. माझ्या लहानपणी आमच्या भागात कापूस होता. माझा बाप सालदार आणि माय वेचणीला जायची. दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा सुरू झाला की दुसरा, तिसरा असे करीत संक्रांतीपर्यंत, कधी त्याही पुढे, बायांच्या हाताला काम असे. मजुरी किलोवर मिळे. मापात काटा मारला जाई, हेही खरे, पण काम असे. शेवटी पऱ्हाटी उपटली की ती चुलीला मिळे. मग सोयाबीन आले. शंभर दिवसांचे पीक, पैसा लवकर हाती येतो, पुढे हरभराही घेता येतो. शेतकऱ्याने ते धरले यात त्याचा दोष नाही, कापसाने त्याला गळफास दिला होता. पण बायांच्या हातचे निंदण तणनाशकाने नेले, सोंगणी हुंड्यावर गेली, मळणी यंत्राने चार-दोन दिवसांत उरकू लागली. सोयाबीनचे कुटार जनावराच्या कामाचे, भूमिहीनाच्या चुलीला पऱ्हाटीही राहिली नाही. जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यात हा बदल प्रगती म्हणून नोंदला जातो. वाड्यातल्या बाईचे वर्षातले मजुरीचे दिवस किती घटले, हा आकडा त्या तक्त्यात नसतो.

मग तरुण पोरे पुण्याला, नाशिकला, मुंबईला बांधकामावर जातात. सिद्धांत म्हणतो की मजुराच्या स्थलांतराने अभिसरण होते. पण हिशेबाची रीत अशी की, उत्पादन जेथे होते तेथेच ते मोजले जाते. वाशिमच्या पोराने पुण्यात उभा केलेला मजला पुण्याच्या उत्पन्नात जमा होतो. त्याच्या म्हाताऱ्या मायबापाचे आजारपण वाशिमच्या वाट्याला राहते.

रस्त्यांचेही असेच. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रेल्वे, जिला लोक शकुंतला म्हणतात, विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली. रेल्वे आली म्हणून कारंजा मँचेस्टर झाले नाही, कापूस तेवढा लवकर गेला. आज ती गाडी बंद आहे आणि त्याच कारंजा, मंगरूळपीर, मालेगावच्या शिवारातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर-शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळाला. त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. रस्ता नको असे मी म्हणत नाही. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो, आणि कोणत्या दिशेने काय जाईल हे रस्ता ठरवीत नाही, मालकी ठरवते.

आत्महत्यांच्या बाबतीत तर हे अंगावर येते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले त्यांत वाशिम होता. शेतकरी कुटुंबाचे दुःख खरे आहे, त्याची टिंगल करणारा आपला नव्हे. पण शासनाच्या मदतीला पात्र ठरायला कुटुंबाच्या नावे शेती लागते. त्याच शेतावर, त्याच दुष्काळात, त्याच सावकाराच्या कर्जात मेलेला मजूर शेतकरी ठरत नाही. मरणाच्या मोजणीतही सातबारा आडवा येतो.

५

कोणी म्हणेल, अहवालाला जातीचे काम का सांगता? त्यासाठी समाजकल्याण खाते आहे. हा युक्तिवाद नवा नाही. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर जे गाजलेले पुस्तक लिहिले त्यात असा निष्कर्ष होता की, वाटायला पुरेशी जमीनच नाही, म्हणून फेरवाटपाने दारिद्र्य हटणार नाही, कामाची हमी द्यावी. त्याच दशकात महाराष्ट्राने रोजगार हमी दिली. दुष्काळात तिने माणसे जगवली हे मान्यच केले पाहिजे. पण तिने काय उभे केले? घमेले भूमिहीनाच्या डोक्यावर आणि पाझर तलावाचे पाणी जमीनवाल्याच्या विहिरीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न मुळापासून धरला होता. १९१८ च्या लहान धारणांवरील निबंधात शेतीवर बसून राहिलेल्या रिकाम्या हातांना उद्योग हाच उपाय आहे असे त्यांनी दाखवले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न मानता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच राहू नयेत, अशी योजना मांडली. आणि १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, त्यांत विदर्भाचा पूर्व महाराष्ट्र होता. प्रादेशिक विषमतेचा विचार करणाऱ्यांनी बाबासाहेबांचा हा आधार वारंवार घेतला. पण त्या पुस्तकातली दुसरी बाजू ते सोयीने गाळतात. भाषिक राज्यात बहुसंख्य जातीच्या हाती सत्ता एकवटते आणि गावोगाव विखुरलेला अस्पृश्य तिच्या दयेवर राहतो, ही बाबासाहेबांची चिंता होती. प्रदेशाचा न्याय आणि जातीचा न्याय त्यांनी एकाच दमात मागितला होता. आमच्या राजकारणाने त्यांची फारकत केली.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, हजारो माणसे तुरुंगात गेली. आज त्यांच्या नावाने योजना आहे: भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन. परंतु ही जमीन शासन बाजारातून विकत घेऊन देते. विकायला राजी असलेला मालक सरकारी दरात मिळाला तरच ती मिळते. सत्याग्रहातली मागणी हक्काची होती, योजनेत ती मालकाच्या मर्जीवर आली.

६

दोष केवळ अहवालांचा नाही. ज्या वर्षांत 'बलुतं' आणि 'उपरा' ही पुस्तके आली, त्याच वर्षांच्या आगेमागे दांडेकर समिती जिल्ह्यांचे तक्ते मांडीत होती. एकाच महाराष्ट्राची ही दोन वर्णने आहेत आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. आपल्या आत्मकथनांनी भूक सांगितली, पण तिचा रकाना मागितला नाही. तक्त्यांनी रकाने आखले, पण भूक विचारली नाही. आम्ही शिकलेली पहिली पिढी. आमच्यापैकी बहुतेक साहित्याकडे वळले, आकड्यांकडे थोडे. आकडे प्रस्थापितांच्या हाती राहिले.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. या नोंदीवर केवळ आरक्षणाचे वाद घालून थांबू नये. विदर्भाच्या अनुशेषाची मागणी आपण जरूर करावी, त्यात मागे राहू नये. पण तिला अट घालावी: यापुढचा प्रत्येक अनुशेष, प्रत्येक निर्देशांक, जिल्ह्याचा प्रत्येक क्रम जात आणि जमीनधारणा यांच्या रकान्यांसह छापला गेला पाहिजे. नळ गावात किती आणि वाड्यात किती, ओलीत कोणाच्या नावे, मजुरीचे दिवस कोणाचे किती. विजेच्या व्याख्येत दलित वस्ती हे दोन शब्द आले तेव्हा तारेला वाड्याची वाट सापडली. तसेच दोन शब्द सिंचनाच्या, पाण्याच्या आणि उत्पन्नाच्या तक्त्यांत आले पाहिजेत.

तोवर जे काम आपल्या हाती आहे ते करू. पुढच्या सत्रात माझे विद्यार्थी आपापल्या गावाचे दोन तक्ते करणार आहेत, एक गावाचा आणि एक वाड्याचा. नळ, वीज, ओलीत, गेल्या वर्षातले मजुरीचे दिवस. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज एवढेच सांगू शकतो की, वाडा आपोआप पुढे जात नाही, आणि तो मागे राहिला आहे हे सिद्ध करण्याचे काम आपल्याशिवाय कोणी करणार नाही.